घट्ट बसलेल्या एक्सल नटाविषयी मित्रास पत्र

मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग घुमू लागले म्हणून ते घरीच बदलण्याचे तू ठरवलेस आणि पहिल्याच पायरीवर, म्हणजे एक्सलच्या नटावर (इंजिनाचा जोर चाकाकडे नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या टोकावर, चाकाच्या मधोमध बसणारा मोठा नट), अडलास. अंगात जोर कमी पडला असे तू लिहिले आहेस, ते मात्र मला पटत नाही. चाकाच्या साध्या नटांना साधारण 100 न्यूटन मीटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), पुरतो. अनेक लहान-मध्यम गाड्यांचा एक्सल नट मात्र कारखान्यातच 200 ते 300 न्यूटन मीटरला आवळलेला असतो, आणि गंज चढल्यावर तो सोडवायला त्याहून बराच अधिक पीळ द्यावा लागतो. तुझी गाडी परळची. इथली हवा मुळात खारी, त्यात दर पावसाळ्यात हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून तुला जावे लागते. त्या नटाखाली गंज नसता तरच नवल.

पाना लावण्याआधी नट नीट पुसून त्याच्याकडे पाहा. बऱ्याच गाड्यांत नटाची पातळ कड पंचने ठोकून शाफ्टवरच्या खाचेत दाबलेली असते, जेणेकरून तो आपोआप सैल होऊ नये. ती दाबलेली कड अरुंद छिन्नीने किंवा पंचने खाचेतून पूर्ण वर उचलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ती तशीच ठेवून जोर लावला तर नट कदाचित फिरेलही, पण जाता जाता शाफ्टचे आटे खरवडून जाईल, आणि मग नटाच्या किमतीत भागणारे काम ड्राइव्हशाफ्टच्या किमतीवर जाईल. काही गाड्यांत याऐवजी खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असते. तिथे पिन सरळ करून ओढून काढली की झाले. त्यानंतर गंज सोडवणारे तेल नटाच्या बुडाशी आणि आट्यांवर मारून रात्रभर मुरू दे. तेलाने कारखान्यातला आवळ कमी होत नाही, पण गंजाची पकड ढिली होते.

आता अवजार. तू वापरलेले रॅचेट या कामाचे नव्हे. त्याच्या आतले दात या ताणाला टिकत नाहीत. सहा कोनांची जाड गोटी (नटावर बसणारे सॉकेट) घे, बारा कोनांची नको, कारण ती नटाचे कोपरे गोल करते. दांडा शक्यतो पाऊण इंची चौकाचा (गोटीत बसणारे चौकोनी टोक पाऊण इंचाचे) असावा, आणि त्यावर भक्कम लोखंडी पाइप चढव. हिशेब साधा आहे: साठ किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकावर पूर्ण भार टाकतो तेव्हा सुमारे 295 न्यूटन मीटर मिळतात, आणि मीटरभराच्या पाइपवर तोच माणूस जवळजवळ 590 मिळवतो. जोर वाढवण्यापेक्षा लांबी वाढवणे केव्हाही शहाणपणाचे.

गाडी जॅकवर असताना हा जोर कधीही लावू नकोस. ती घसरून अंगावर येऊ शकते. चाक जमिनीवरच असू दे, मधली टोपी काढ आणि गोटी त्या भोकातून आत घाल. हँडब्रेक ओढ, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव आणि वहिनींना ब्रेकच्या पेडलवर पाय घट्ट दाबून बसायला सांग. नट बहुतेक गाड्यांत उजव्या आट्याचा असतो, तरी गाडीच्या पुस्तिकेत खात्री करून घे, कारण काही गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात. डाव्या चाकासमोर उभा राहून दांडा पुढच्या बंपरच्या दिशेने आडवा धर आणि खाली दाब. त्या पिळाने चाक पुढे जाऊ पाहते, म्हणून लाकडी ठोकळा चाकाच्या पुढेच लाव. उजव्या चाकाला हे सगळे उलटे होते. दांड्यावर उड्या मारू नकोस. गोटी सटकली तर तुझेच दात जातील. भार हळूहळू टाक. बहुधा आधी मोठ्ठा कडाड आवाज येतो आणि मग नट किंचित फिरतो. तेवढ्यावर थांब, आणि बाकीचा नट गाडी उचलून, खाली स्टँड देऊन सोडव.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून गॅसची ज्योत आणण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. तो ऐकू नकोस. जवळच शाफ्टच्या सांध्यावरचे रबरी आवरण (बूट), ग्रीस आणि एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असतो; एक नट वाचवायला जाऊन तिन्ही जळतील. त्यापेक्षा टायरवाल्याकडची हवेची गन बरी. मात्र ती फक्त सोडवण्यासाठी. आवळण्यासाठी तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

परत बसवताना जुना नट पुन्हा वापरू नकोस. नवा नट ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सहज मिळेल. अनेक गाड्यांत बेअरिंगच्या आतल्या कड्या त्या नटाच्या ताणानेच एकत्र धरलेल्या असतात, म्हणून नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचा भार चाकावर येऊ देऊ नकोस, नाहीतर नवे बेअरिंग लवकरच घुमू लागेल. गाडी स्टँडवर असतानाच ब्रेक दाबून धरायला लाव आणि पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने (पीळ मोजणाऱ्या पान्याने) आवळ. हे आवळणे मोजूनमापून आणि झटके न देता होते, त्यामुळे इथे गाडी हलण्याचे भय कमी असते. शेवटी नव्या नटाची कड खाचेत ठोकून दे.

तुझा नट 30 मिलिमीटरचा आहे, 32 चा की 36 चा, ते मोजून कळव. शनिवारी मला नागदेवी स्ट्रीटला जायचे आहेच. तेव्हा त्याच मापाची गोटी आणि पाऊण इंची दांडा घेऊन येतो. पाइप तेवढा तू शोधून ठेव.

तुझा,
मित्र