‘रश’ची पहिली सहा वर्षे

माननीय संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला ‘रश’ या कॅनडातल्या हार्ड रॉक त्रयीवरचा लेख आवडीने वाचला. गेडी ली, अ‍ॅलेक्स लाइफसन आणि नील पर्ट ही नावे मराठी वृत्तपत्रात एकत्र वाचायला मिळणे तसे विरळाच. पण लेखकाने बँडची गोष्ट पर्ट ड्रमवर येऊन बसला तिथून, म्हणजे जुलै १९७४ पासून सुरू केली आणि आधीची सहा वर्षे एका वाक्यात उरकली. माझी हरकत तेवढ्यापुरतीच आहे.

बँड जमला १९६८ मध्ये, टोरांटोच्या विलोडेल या उपनगरात. जमवणारे लाइफसन आणि ड्रमर जॉन रट्सी. ‘रश’ हे नावसुद्धा रट्सीच्या थोरल्या भावाने सुचवलेले. एका चर्चच्या तळघरात पहिला कार्यक्रम झाला तेव्हा बास गिटार जेफ जोन्सकडे होती. तो लगेच बाहेर पडला आणि लाइफसनने शाळेतल्या मित्राला बोलावून घेतले. तो गेडी ली. म्हणजे पर्टचे सोडाच, लीसुद्धा पहिल्या दिवशी नव्हता!

लीचे आईवडील पोलंडमधले ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून कॅनडात आलेले. वडील तर तो बारा वर्षांचा असतानाच गेले. लाइफसनचे आईवडील युगोस्लाव्हियातून आलेले सर्ब. अशा घरातल्या मुलाने केस वाढवून रॉक वाजवायला निघणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

लेखात न आलेली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९७१ साली ओंटारिओ प्रांताने मद्यपानाची वयोमर्यादा २१ वरून १८ वर आणली. तोवर शाळांच्या नाचगाण्यांत वाजवणाऱ्या या पोरांना एकदम बारची दारे उघडली आणि रात्री तासन्‌तास वाजवण्याची सवय लागली. तीन जणांच्या बँडमध्ये गिटार सोलोला लागली की मागे दुसरी गिटार नसते. ती पोकळी बास आणि ड्रमने भरायची. लीची धावती, भरगच्च बास मला तरी या रियाजाचेच फळ वाटते.

रेकॉर्ड कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा मॅनेजर रे डॅनिअल्सच्या साथीने त्यांनी ‘मून रेकॉर्ड्स’ हे स्वतःचे लेबल काढले. पैसे वाचावेत म्हणून रात्री-अपरात्री ध्वनिमुद्रण करून १९७४ मध्ये पहिला अल्बम आणला. क्लीव्हलँडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवरच्या डॉना हॅल्पर यांनी त्यातले ‘वर्किंग मॅन’ लावले. सात मिनिटांचे गाणे, विषय कामगाराच्या रोजच्या रगाड्याचा आणि शहर कारखान्यांचे. श्रोत्यांचे फोन सुरू झाले. हा लेड झेपेलिन या गाजलेल्या ब्रिटिश बँडचा नवा अल्बम का, असेही काहींनी विचारले. त्यातूनच ‘मर्क्युरी’ या रेकॉर्ड कंपनीचा करार आणि अमेरिकेचा दौरा पदरात पडला. या सगळ्यात ड्रमवर रट्सीच होता. ‘वर्किंग मॅन’मधला त्याचा ठेका सरळ, जड आणि कुठेही न चुकणारा आहे.

मधुमेह आणि लांबचे दौरे यांचा मेळ बसणार नव्हता. रट्सी बाजूला झाला. वडिलांच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा पर्ट २९ जुलैला आला. तो लीचा एकविसावा वाढदिवस होता. पंधरवड्यात, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गमध्ये युराया हीप या बँडच्या आधी अकरा हजार लोकांसमोर तो वाजवत होता. पुढे त्याने गीते लिहून बँडचा चेहरामोहराच बदलला, हे लेखकाचे म्हणणे अगदी मान्य.

पण २०१३ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये रशचा समावेश झाला तेव्हाही ली, लाइफसन आणि पर्ट अशी तीनच नावे होती. रट्सी त्याआधीच, २००८ मध्ये, वारला होता. लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर त्यात त्याच्यासाठी एक परिच्छेद तरी राखून ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक