कॅडिलॅक कोणाच्या खात्यावर?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा माउथ ऑर्गनचा रियाझ पुन्हा सुरू झाल्याचे कळल्यापासून 'कॅडिलॅक रेकॉर्ड्स' हा चित्रपट तू पाहावास, असे सारखे मनात येते. डार्नेल मार्टिन यांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2008 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लागला, पण फारसा चालला नाही. बियॉन्सेने गायिका एटा जेम्सची भूमिका केली, एवढ्यापुरताच तो पुष्कळांच्या लक्षात राहिला, याचे मला वाईट वाटते.

मिसिसिपीतील मळ्यावर राबणारा ब्लूज गायक मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला आला आणि तेथे पोलंडहून आलेल्या चेस बंधूंच्या रेकॉर्ड कंपनीसाठी गाऊ लागला; चित्रपट त्याच कंपनीची गोष्ट सांगतो. त्याचा जोडीदार लिटल वॉल्टर मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन एकत्र दोन्ही तळव्यांत घट्ट धरून अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवी, त्यामुळे त्या इवल्याशा वाद्याला सॅक्सोफोनसारखा भरदार, किंचित फाटका आवाज येई. 1952 सालची त्याची 'ज्यूक' ही शब्दांविना असलेली रेकॉर्ड रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत पहिली आली. 1968 मध्ये, एका मारामारीनंतर, तो गेला तेव्हा अवघा 37 वर्षांचा होता.

मी जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, म्हणून असेल, पण या चित्रपटात मला गाण्याइतकीच खतावणी दिसत राहिली. रेकॉर्ड गाजली की कलाकाराला नवी कॅडिलॅक, म्हणजे महागडी अमेरिकन मोटार, मिळते, तो हरखून जातो, आणि ती बक्षीस नसून त्याच्याच रॉयल्टीतून वळती झाली आहे, हे त्याला फार उशिरा कळते. याच कंपनीचा दुसरा गायक हाउलिन वुल्फ मात्र स्वतःच्या जुन्या ट्रकमधून येतो आणि मालकाच्या उपकाराखाली राहायला नकार देतो. एमन वॉकरने त्याचा हा ताठा असा उभा केला आहे की तो पडद्यावर आला की बाकीचे आपोआप मागे सरकतात. प्रत्यक्षातही, 1970 च्या दशकात, मडी आणि गीतकार विली डिक्सन यांना आपल्या गाण्यांच्या पैशांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

चित्रपटात उणिवा आहेत. चेस बंधूंपैकी फिल जवळजवळ दिसतच नाही आणि त्यांच्याच कंपनीचा गायक-गिटारवादक बो डिडली तर पूर्ण गाळला आहे. तरीही मडीच्या भूमिकेतील जेफ्री राइटचा चेहरा पाहण्यासाठी मी तो तीनदा पाहिला.

तू पाहशील तेव्हा आधी 'ज्यूक' कानांना हेडफोन लावून ऐक, आणि वॉल्टर श्वास नेमका कुठे घेतो, ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई