सेमीसॉलिडवाल्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार. कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागातल्या तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणंही झाली. पण तुमच्या हातून आम्ही नेमकं काय शिकलो, ते कुणीच सांगितलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

जिवाणू वाढवायचं मीडियम घट्ट करायला अगारची पूड लागते. घट्ट प्लेटसाठी १०० मिलिलिटरला साधारण १.५ ग्रॅम अगार, अर्धवट घट्ट अशा सेमीसॉलिडला ०.३ ते ०.५ ग्रॅम, एवढं आमच्या वहीत होतं. ते जमलंय की नाही, हे तुम्ही दाखवलंत. ट्यूब तिरकी करून हलकी टिचकी मारायची. मीडियम थरथरलं पाहिजे, पण ओघळता कामा नये. अगार पूर्ण विरघळल्याशिवाय तुम्ही ट्यूब भरूच द्यायचा नाहीत, नाहीतर एकीत गोळा आणि दुसरीत नुसतं पाणी.

आणि तो स्टॅब, म्हणजे सुईनं जिवाणू मीडियममध्ये खोल टोचणं! "सुई गेली त्याच वाटेनं वर आली पाहिजे, पोरी." हालचाल करणारा जिवाणू सेमीसॉलिडमध्ये सुईच्या रेघेबाहेर पसरतो; पण हात हलला तर न हलणारा जिवाणूही पसरल्यासारखा दिसतो, हे त्यामागचं कारण. आज मी सोलापुरातल्याच एका लॅबमध्ये काम करते. लघवीच्या कल्चरमध्ये मॅककॉन्की या मीडियमवर जिवाणूंच्या गुलाबी कॉलनी (ठिपके) आल्या की जिवाणू ई. कोलाय की क्लेबसिएला, हा प्रश्न रोजचाच. क्लेबसिएला सुईच्या रेघेवरच वाढतो, ई. कोलाय बहुधा आजूबाजूला धुरकट पसरतो. इंडोल, सिट्रेट या ओळख पटवणाऱ्या चाचण्या बघाव्याच लागतात, पण न पेरलेली ट्यूब शेजारी धरून उजेडात बघायची तुमची सवय मी सोडलेली नाही. गढूळपणा खरा की भास, ते तिथेच कळतं.

सगळ्यात मोठं ऋण मात्र स्टॉक कल्चरचं, म्हणजे पुढच्या वापरासाठी जिवाणू जिवंत जपून ठेवण्याचं. मे महिन्यात कॉलेज बंद, बाहेर पारा चाळिशीपार, उघड्या स्लँटवरचं (ट्यूबमध्ये तिरकं गोठवलेलं) मीडियम सुकून जायचं. तुम्ही साध्या न्यूट्रियंट सेमीसॉलिडमध्ये खोल स्टॅब घेऊन, झाकण पक्कं करून, ट्यूब थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवायचात. त्यात साखर घालायची नाही, कारण आम्ल तयार होऊन जिवाणू मरतात, हेही तुम्हीच सांगितलंत. खोलवर हवा कमी, वाढ संथ, म्हणून कल्चर महिनोन् महिने टिकतं. वारंवार पेरून एखाद्या स्ट्रेनची, म्हणजे जिवाणूच्या वाणाची, हालचाल मंदावली, तर सेमीसॉलिडमध्ये सर्वांत दूर पोचलेल्या कडेचे जिवाणू उचलून पुन्हा पेरायचे, ही युक्ती मला आजही उपयोगी पडते. जूनमध्ये प्रॅक्टिकल सुरू झालं की आम्हाला कधी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा ओळखीचा जिवाणू, कमी पडला नाही, तो याचमुळे.

आता एक विनंती. विभागात नवी मुलं आली आहेत. एक दिवस या आणि त्यांच्यासमोर मीडियम करून दाखवा. मॅडमशी बोलणं झालंय, त्या तुमच्या सोयीनं वेळ ठरवायला तयार आहेत. मीही सुट्टी काढून येईन.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
मायक्रोबायोलॉजीची एक जुनी विद्यार्थिनी
सोलापूर