गोधडीतला बर्फ

हेलसिंकी, ८ फेब्रुवारी

ती. आबा व सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघेही खुशाल आहोत. बाहेर उणे बारा असले तरी घरात थंडी जाणवत नाही, तेव्हा आईने काळजी करू नये. सात वर्षांच्या ओमला अजून पाढे येत नाहीत, परीक्षाही नाही, मग ही शाळा आहे की पाळणाघर, असे आबांनी विचारले आणि मी फोनवर चिडले, त्याबद्दल क्षमा असावी. नीट उत्तर द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फिनलंडमध्ये मूल ज्या वर्षी सात पूर्ण करते त्याच वर्षी पहिलीत जाते, त्यामुळे ओम मागे पडलेला नाही. देशपातळीवरची परीक्षा एकच, तीही उच्च माध्यमिकच्या शेवटी.

न समजणारी गोष्ट वेगळीच आहे. पंचेचाळीस मिनिटांचा तास झाला की पंधरा मिनिटांची सुटी, आणि त्या सुटीत मुलांनी बर्फ पडत असला तरी बाहेरच जायचे. म्हणजे लोकरी कपड्यांवर जाड अंगरखा, टोपी, हातमोजे आणि बूट चढवायचे, परत आल्यावर सगळे उतरवायचे, ओले हातमोजे सुकवण्याच्या कपाटात टांगायचे, नुसत्या पायमोज्यांवर वर्गात बसायचे आणि तासाभराने पुन्हा तेच. ओमला आत बसू द्यावे अशी चिठ्ठी मी पाठवली, तेव्हा बाईंनी जास्तीचे हातमोजे द्यावेत असे नम्रपणे कळवले. बाहेरून आलेली मुले पुढच्या तासाला पेंगत नाहीत, एवढे मला आता पटले आहे.

त्याच हातमोज्यांचा बाईंनी धडा केला. बर्फाचा एक तुकडा टेबलावर ठेवला, दुसरा लोकरी हातमोज्यात घातला आणि आधी कोणता वितळेल ते विचारले. हातमोजा गरम असतो म्हणून त्यातला, असे ओम छातीठोकपणे म्हणाला. टेबलावरच्या तुकड्याचे पाणी झाले तरी हातमोज्यातला शाबूत होता. बाईंनी कारण सांगितलेच नाही; घरी करून पाहा, एवढेच म्हणाल्या. दोन दिवस या मुलाने मला जेवू दिले नाही. शेवटी आईने शिवलेल्या गोधडीत त्याने बर्फ गुंडाळला आणि दर दहा मिनिटांनी उघडून पाहिला. गोधडी उष्णता देत नाही, फक्त आतली बाहेर आणि बाहेरची आत चटकन जाऊ देत नाही, हे त्याने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगितले.

आबा, मला रंकाळ्यावरचा बर्फगोळेवाला आठवला. बर्फाची लादी तो भुशात आणि गोणपाटात का ठेवतो, असे चौथीत मी वर्गात विचारले होते. "परीक्षेत येणार आहे का?" एवढेच उत्तर मिळाले आणि मी पुन्हा काही विचारले नाही.

हे परदेशी फॅड आहे असे म्हणू नका. लीलाताई पाटलांनी १९८५ साली आपल्याच कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय ही मुलांना स्वतः करून शिकू देणारी शाळा सुरू केली. तिथले वर्ग पाहून आल्यावर तुम्ही आठवडाभर त्याच गोष्टी सांगत होतात, आणि मला मात्र शिष्यवृत्तीच्या शिकवणीला घातलेत. तक्रार नाही, त्या शिष्यवृत्तीमुळेच मी इथवर आले. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसवला, हे तुम्ही आम्हाला अनेकदा सांगितले आहे. मुलाला शाळेत आणून बसवण्याचे काम दंडाने होते, पण शनिवारी शाळा नाही म्हणून ओम खट्टू होतो, ते कशाने होते हे पाहायला मला इथे यावे लागले. पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचे गुण २००६ नंतर घसरत गेले, हे तुम्ही वाचलेलेही खरे आहे. तरी पाढे मी रोज झोपताना म्हणून घेते. बाराचा झाला आहे.

सुमीच्या लग्नासाठी एक लाख रुपये पाठवले आहेत. आबांच्या मोतीबिंदूचे त्यातूनच उरकावे, लग्नानंतरवर ढकलू नये. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली, पण ओमची शाळा मेअखेरपर्यंत आहे आणि तिकिटे तिघांची काढावी लागतात, त्यामुळे बहुधा मी एकटीच चार दिवसांसाठी येईन. सुमीला हे मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. आणि आई, गोधडी वाळली आहे, पण लाल तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्याला लागला आहे.

तुमची,
मंगल