एक्सआरडीतला स्ट्रेन कुणी बघतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साणंद, धोलेऱ्याच्या चिप कारखान्यांच्या बातम्या पेपरात सारख्या येतायत, चांगलंच आहे, पण आपल्या सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत सेमीकंडक्टरचं जे काम चालतं त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी एमएस्सी फिजिक्सच्या पोरांचे प्रोजेक्ट बघतो. काचेवर झिंक ऑक्साइडची थिन फिल्म म्हणजे अगदी पातळ थर बनवायचा, सॅम्पल कोल्हापूरला एक्सआरडीला (एक्स-रे मारून आतली अणूंची रचना बघायची तपासणी) पाठवायचं, ग्राफचा प्रिंटआउट आला की त्यातल्या सगळ्यात उंच पीकची म्हणजे टोकाची रुंदी मोजून शेररच्या फॉर्म्युल्यात (रुंदीवरून दाण्याचा आकार देतो तो) टाकायची, दाण्याची साइज इतके नॅनोमीटर, झालं चॅप्टर. त्याच ग्राफमध्ये अणूंची जाळी किती ताणलीय, किती दबलीय ते पण, म्हणजे स्ट्रेन, असतं, आणि ते तसंच वाया जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झिंक ऑक्साइडचा ००२ पीक (हे आकडे म्हणजे अणूंच्या कुठल्या थरांचा पीक त्याची खूण) कॉपरच्या एक्स-रेला ३४.४२ अंशाच्या आसपास यायला पाहिजे. परवा एका मुलीच्या ग्राफमध्ये तो ३४.२० ला होता आणि रिपोर्टमध्ये "स्टँडर्डशी जुळतो" असं लिहिलेलं. तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्रॅगच्या नियमात (पीकच्या कोनावरून थरांमधलं अंतर देतो तो) आकडे टाकले तर जाळीचा उभा अक्ष ५.२०७ वरून ५.२४ अँगस्ट्रॉमवर जातो, म्हणजे ०.६ टक्के ताण, आणि फिल्म उभी ताणली गेली म्हणजे बहुतेक ती आडवी दाबली गेलेली असते. ०.६ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या जाळीत सगळा मिळून फरकच ४.२ टक्क्यांचा आहे, आणि त्यातलाच थोडा वापरून इंटेलने २००३ च्या सुमारास ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉन मुद्दाम दाबलं आणि ट्रान्झिस्टरचा करंट वाढवला.

आता पीक सरकला म्हणजे स्ट्रेनच, असंही धरून चालू नका. साध्या मशीनमध्ये सॅम्पल ०.१ मिलिमीटर जरी खाली बसलं तरी पीक ०.०७ अंशाच्या आसपास डावीकडे जातो, आणि काचेला स्वतःचा पीक नसतो त्यामुळे ताळा करायला काही उरत नाही. उपाय सोपा आहे, फिल्मवर चिमूटभर सिलिकॉन पावडर भुरभुरवायची, तिचा १११ पीक २८.४४ ला आला तर सॅम्पल नीट बसलंय, तोही सरकला असेल तर आधी तेवढं करेक्शन करा मग स्ट्रेनचं बोला.

रुंदीचंही तेच. दाणे लहान असले तरी पीक रुंद होतो आणि आतली जाळी कुठे कमी कुठे जास्त ताणलेली असली तरी होतो, एका पीकच्या नुसत्या रुंदीवरून दोन्ही वेगळं करता येत नाही. सगळी रुंदी साइजच्या नावावर टाकली की दाणा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. तीन-चार पीक घेऊन विल्यमसन-हॉल प्लॉट (साइज आणि स्ट्रेनचा वाटा वेगळा करणारा आलेख) काढायला फार तर एक दुपार जाते.

मशीन कॉलेजात नाही हे कारण मला पटत नाही, कारण ग्राफ तर पैसे भरून मिळतोच आहे. प्रिंटआउटऐवजी कच्च्या डेटाची फाइल मागून घ्या, तिच्याशिवाय पोरं घरी बसून हे सगळं नीट काढू शकत नाहीत, आणि तोंडी परीक्षेला साइज विचारायच्या आधी पीक कुठे आलाय आणि का ते विचारा.

आपला,
एक फिजिक्स शिक्षक, विश्रामबाग, सांगली