मंत्रिमहोदय, नागपूरला मत्स्यालय नको, खोलीभर शेवाळ द्या

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात असता तेव्हा आपल्यापुढे निवेदनांचा ढीग लागतो. त्यात हे हरवू नये म्हणून जाहीर लिहितो आहे. मागणी लहान आहे, पण विषय ऐकूनच लोक हसतात: खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची पैदास, आणि तीही नागपुरात. आमचे एक काका म्हणाले, "नागपुरात कायचा समुद्र बाप्पा?"

टाकीत जन्मलेल्या माशाला समुद्र लागत नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ, २६ ते २८ अंश तापमान आणि नीट बसलेला फिल्टर एवढ्यावर त्याचं भागतं. अडचण ही की दुकानांत दिसणारे खाऱ्या पाण्यातले बहुतेक मासे टाकीत जन्मलेले नसतातच. गप्पी, मोली, एंजल हे गोड्या पाण्यातले मासे फार्मवर वाढवलेले. मरीन मासा मात्र जगभर प्रामुख्याने समुद्रातूनच पकडला जातो. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही प्रवाळांवर सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची चाल पडली. त्यात प्रवाळ मरतं, आणि पुष्कळदा मासाही. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच मूळचा असलेला बांगाई कार्डिनल याच व्यापारापायी २००७ साली धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत गेला. वास्तविक तो टाकीत चांगली वीण देणारा मासा आहे. नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्लं बाहेर पडतात ती थेट आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) खाण्याएवढी मोठी असतात.

सगळेच असे सोपे नाहीत, हेही सांगायला हवं. पिवळा टँग २०१५ मध्ये हवाईत आणि निळा टँग २०१६ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा टाकीत वाढवता आला, तोही मोठ्या संशोधन संस्थांच्या बळावर. मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. मी बोलतो आहे क्लाउनफिशबद्दल, ज्याला दुकानात पोरंसोरं निमो म्हणतात.

या माशाची जोडी जमवायला काही लागत नाही. दोन लहान पिल्लं एकत्र ठेवली की दांडगं होतं ते मादी, दुसरं नर. मादी मेली तर नरच पुढे मादी होतो. अंडी फरशीच्या तुकड्यावर किंवा मातीच्या कुंडीवर चिकटवतात, नर पंखांनी वारा घालत राखण करतो, आणि आठवडाभरात अंधार पडल्यावर अंडी फुटतात. इथवर घरातला कुणीही हौशी माणूस पोचतो. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी. पिल्लाचं तोंड इतकं लहान असतं की सुरुवातीचे काही दिवस त्याला जिवंत रोटिफरच लागतात. रोटिफर म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढा जीव, आणि त्याला खायला सूक्ष्म शेवाळ. मग आर्टेमिया, मग दुसऱ्या आठवड्यात पांढरे पट्टे दिसू लागले की माणूस निवांत झोपतो.

हे रोटिफरचं कल्चर, म्हणजे जिवंत वाढवत ठेवलेला साठा, घरच्या विरजणासारखं आहे: रोज सांभाळावं लागतं, आणि एखाद्या दिवशी बिघडलं तर शेजारून आणावं लागतं. नागपुरात तो शेजारी नाही. किनाऱ्याहून मागवलेली बाटली पोचेपर्यंत इकडे पिल्लं उपाशी मेलेली असतात.

म्हणून माझी मागणी एवढीच: तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात रोटिफर आणि सूक्ष्म शेवाळ यांची कल्चर बँक सुरू करा. एक थंड खोली, दिवे, हवेचा पंप, काचेच्या बरण्या आणि रोज लक्ष देणारा माणूस. ज्याला लागेल त्याने रास्त पैसे भरून बाटली न्यावी. राज्याचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे, त्यामुळे नवं काही उभारायचं नाही. क्लाउनफिशची हॅचरी, म्हणजे अंड्यांतून पिल्लं वाढवण्याची, पद्धत कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत कधीच बसवली आहे. आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी झाली. त्यांच्याकडून मूळ कल्चर आणा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला ३ लाखांचा खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवलं होतं, आणि त्यात खारं पाणीही मोजलं होतं. टाकी आणि पंप पैशाने बाजारात मिळतात. चालू कल्चर मिळत नाही.

विजेचंही एकदा स्पष्ट व्हावं. नागपूरचा मे महिना आपण बहुधा पाहिला नसेल, कारण अधिवेशन हिवाळी असतं! इथल्या कोरड्या हवेत टाकीवर नुसता पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज आरओचं पाणी घालत राहावं लागतं. पारा पंचेचाळिशीवर गेला की पंखाही हात टेकतो, चिलर किंवा एसी लागतोच. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. घराच्या गच्चीवरच्या खोलीत चालणाऱ्या हॅचरीला त्यातला शेतीसारखा वीजदर लागू आहे की नाही, हे लेखी कळवावं. लागू करणार असाल तर वापरलेलं खारं पाणी नाल्यात सोडण्याबद्दल अटही घाला. नाग नदीला आधीच पुरेसं सोसावं लागतं.

आणखी एक. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढले. त्यातल्या मनाईच्या यादीत क्लाउनफिशही होता, म्हणजे सरकारी संस्था ज्याची पैदास शिकवतात तोच मासा. पुढे ते नियम मागे घेतले गेले, पण हॅचरीतला मासा आणि पकडलेला मासा यांत फरक करायचा राहूनच गेला. दुकानदाराच्या बिलावर हा फरक लिहिणं सक्तीचं करा. प्रवाळ आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते तसंच राहू द्या.

नागपूरला मत्स्यालय बांधण्याची कल्पना कुणी आपल्यापुढे मांडली तर कृपा करून कोनशिला बसवायची घाई करू नका. त्यातल्या टाक्या भरायला पुन्हा समुद्रातूनच मासे आणावे लागतील. त्या खर्चाच्या अगदी लहानशा तुकड्यात कल्चर बँक कितीतरी वर्षं चालेल.

येत्या अधिवेशनात अर्ध्या तासाची वेळ मिळाली तर प्रस्ताव आणि खर्चाचा तपशील घेऊन येतो.

आपला,
नागपूरचा एक मरीन मत्स्यपालक