आक्का, सोमवारच्या मुठीसाठी

आक्का,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. माझ्या वर्गात होती तेव्हा जोडाक्षराशी अडायची, आता अडणार नाही. चारचौघांत लिहिते आहे, कारण माझ्या निरोपाच्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या स्वयंपाकखोलीतच होता आणि माझ्या भाषणात तुम्ही फक्त ‘स्वयंपाकी व मदतनीस ताई’ एवढ्याच आलात. सात वर्षं तुम्ही जे केलंत ते मी एका ओळीत उरकलं. बदलीचं गाव आलं, नवी शाळा सुरू झाली, तरी ती ओळ मनातून जात नाही.

माण तालुक्यातल्या आपल्या वाडीवर मी रुजू झाले तेव्हा पट ४१ होता, शिक्षक आम्ही दोघं. त्या वर्षी जुलै उलटत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. लागोपाठ दोन सोमवारी परिपाठात प्रतिज्ञा चालू असताना एकेक मूल मटकन खाली बसलं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. तुम्ही ओट्यावर तांदूळ निवडत होता. सूप खाली ठेवून आलात, पोराच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिलीत आणि म्हणालात, “बाई, आज सोमवार हाय. काल शाळा नव्हती न्हवं?”

मला अर्थच लागला नाही. मग तुम्ही मला हात धुण्याच्या जागेवरची खरकट्याची बादली दाखवलीत. शुक्रवारी तिचा तळ झाकलेला असतो, सोमवारी ती कोरडी असते. सोमवारी मुलं ताट बोटानं पुसून घेतात. मी वर्गात हजेरी, वाचन, पाढे सगळं पाहत होते, पण ताटात काय उरतं ते पाहत नव्हते. ते तुम्ही रोज पाहत होता.

पोषण आहाराचा हिशेब मला पाठ होता. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. तुमची थोरली शाळेत होती तेव्हा महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ पिशवीतून घरी यायचा आणि तो सगळ्या घराचा व्हायचा, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलंच जेवण द्या असा आदेश दिला, म्हणून तर शाळेत चूल पेटली. ही योजना आपल्या मुलांसाठी किती मोठी आहे हे मी रोज पाहिलं आहे. पण तिच्या हिशेबात रविवार नाही. शनिवारी दुपारी जेवलेलं मूल, आईबाप रोजंदारीवर असतील तर, सोमवारी सकाळी चहा-बटरवर शाळेत येतं आणि खिचडीला अजून तीन तास असतात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा “सरकार देतंय की” असं उत्तर आलं आणि मी गप्प बसले. तुम्ही बसला नाहीत. दुसऱ्या दिवशी पदराखाली दोन शेर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आलात आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ओतल्यात. तो डबा शाळेच्या दाराशी ठेवलात. दर सोमवारी, परिपाठाच्या आधी, प्रत्येकाला मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. एवढंच.

पुढचं गावानं केलं असं मी इतके दिवस सांगत आले. खरं तर तुम्ही करवून घेतलंत. तुमच्या बचत गटातल्या बायका सुगीत पायली-पायली शेंगा देऊ लागल्या. दुकानदारानं गुळाची ढेप दिली. डेअरीवर सकाळी दूध घालायला येणाऱ्यांच्या कानावर गेलं आणि ज्यांची मुलं आपल्या शाळेत नव्हती अशा घरांतूनही पिशव्या आल्या. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई शनिवारी शाळा सुटल्यावर शेंगा फोडायला बसू लागल्या, त्यांच्याबरोबर चौथीची मुलंही. मी उत्साहानं देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला घेतली. तुम्ही डस्टर उचललंत. “नावं नका लिवू बाई. ज्याच्याकडं द्यायला न्हाई, त्याचं पोरगं हे वाचंल.” बी.एड.ला मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

लोहाची गुलाबी गोळीही सोमवारचीच. हजेरी झाली की मी ती वाटून मोकळी व्हायची. रिकाम्या पोटी मुलांना मळमळायचं आणि दोन घरांनी “आमच्या पोराला गोळी नको” असा निरोप पाठवला होता. तुमच्या सांगण्यावरून ती जेवणानंतर द्यायला लागलो. तुम्ही तांब्या-भांडं घेऊन रांगेशी उभ्या राहायचात, प्रत्येकाला आ करायला लावून गोळी गिळल्याची खात्री करायचात. त्या दोन्ही घरांत तुम्ही स्वतः जाऊन आलात. परसबागेतलं लिंबू मटकीच्या उसळीवर पिळायची तुमची जुनी सवय होती. मुलांच्या आरोग्य तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मोड आलेली मटकी, वर लिंबू, यानं लोह अंगी लागतं असं मुलांना समजावून सांगितलं. तुम्ही कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होता, तेव्हाचा तुमचा चेहरा मला आठवतो.

त्याच पथकापुढे तुम्ही दुसरीतली एक मुलगी आणून उभी केलीत. ती सगळं एकाच बाजूनं चावते, भाकरी आमटीत कुस्करून मऊ झाल्याशिवाय घास घेत नाही, हे तुम्ही महिनाभर पाहिलं होतं. दोन दाढा किडल्या होत्या. उपचार झाल्यावर वर्गात गालावर हात ठेवून बसणारी ती मुलगी मोठ्यानं कविता म्हणू लागली. मी तिला लाजाळू समजत होते.

आणि गणित! “आज हजर ३८, तांदूळ किती?” हे तुम्ही रोज दारातून ओरडायचात. तिसरीची मुलं तीन किलो आठशे ग्रॅम हे उत्तर घेऊन पळत यायची आणि काट्यावर तुमच्यासमोर तोलायची. किलो-ग्रॅमचा पाठ मला त्या वर्गाला वेगळा शिकवावा लागला नाही.

त्या पावसाळ्यानंतर आपल्या परिपाठात एकही मूल भुकेनं खाली बसलं नाही. तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही. तुमच्यामुळे मी मुलांकडे पाहायला शिकले.

नव्या शाळेत पहिल्याच सोमवारी मी विचारलं, सकाळी कोण कोण जेवून आलंय? हात वर झाले, पण अकरा खालीच राहिले. इथल्या स्वयंपाकाच्या मावशींना मी तुमच्या डब्याची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण काल त्यांनी मला विचारलं, शेंगा वाळूत भाजायच्या का नुसत्या कढईत? मला सांगता येईना. येत्या रविवारी तुमच्याकडे येते. त्यांनाही घेऊन येते. कढई काढून ठेवा.

तुमची,
बाई